नुक्ता, नाव आणि नंबर

आमच्या कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं, एवढंच तो सांगतो. त्याच ब्राह्मीतून पुढे आपली देवनागरी आली आणि पंजाबची गुरुमुखीही.

संगणकाला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक तयार झालं, तेव्हा या सगळ्या बहिणींना एकाच साच्यात बसवलं. १९९१ च्या युनिकोडने तोच साचा उचलला. म्हणून मराठी ळ चा नंबर २३५५, तर गुरुमुखी ळ चा २६११. फरक २५६. क घ्या, म घ्या, फरक तेवढाच.

साचा सोयीचा होता, पण तो गुरुमुखीच्या मापाचा नव्हता. पंजाबी मूल ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी, मग स, ह या क्रमाने अक्षरं शिकतं. संगणकात स आणि ह व्यंजनांच्या शेवटी गेले आणि पहिलं अक्षर ऊड़ा तर आकड्यांच्याही मागे. पाकिस्तानात पंजाबी उर्दूसारख्या शाहमुखी लिपीत लिहितात. त्या लिपीतल्या ळ ला स्वतंत्र नंबर मिळायला २०२० साल उजाडलं.

खरी गंमत नुक्त्याची. गुरुमुखीत त्याला पैर बिंदी म्हणतात. गुरुमुखीतला ज़ दोन प्रकारे साठवता येतो: २६५१ हा एकच नंबर, किंवा ज चा २५८८ आणि त्यापाठोपाठ बिंदीचा २६२०. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण नुसते नंबर ताडून पाहणारा संगणक त्यांना वेगळे समजतो. म्हणून युनिकोडने नियम केला की दोन्ही एकच मानायचे. तुलना करण्याआधी दोन्हींना एका रूपात आणायचं. देवनागरी ज़ लाही हाच नियम आहे.

आता आपल्याकडे या. मराठी लेखनात नुक्ता सहसा देत नाहीत. त्यामुळे अज़ीज़ हे नाव एका कागदावर अजीज, दुसऱ्यावर अझीज, तिसऱ्यावर अजीझ होतं. आमच्याच घरात एका माणसाच्या नावाची अशी तीन रूपं आहेत. खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, "हे तिघं कोण?" मग प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, पुन्हा रांगेत उभे राहा. जिथे कागदावरून माणसाचं नागरिकत्व ताडलं जातं, तिथे अशा एका अक्षराची धास्ती वाटणारच.

इथे युनिकोडचा नियम कामी येत नाही. ज आणि झ ही खरोखरच दोन अक्षरं आहेत; यंत्राने ती एक मानू नयेत हेच बरोबर. पण यंत्रासाठी काही माणसांनी एकत्र बसून ठरवलं की, लिहिण्याची रीत वेगळी असली म्हणून अक्षर वेगळं होत नाही. नावाबद्दल एवढी समज दाखवायला कारकुनाला कुठलाही नंबर लागत नाही. बापाचं नाव, जन्मतारीख, गाव जुळत असेल, तर माणूस एकच आहे, हे त्याने मानावं. एवढंच मागणं आहे.