आधी पुढचे चाक

पावसाळा तोंडावर आला, की घरोघरी चपलांची पाहणी सुरू होते. कुणाच्या चपलेचा तळ गुळगुळीत झाला, कुणाचा पट्टा तुटायला आला, हे आपण बारकाईने पाहतो. शेवाळलेल्या फरशीवर मूल घसरू नये, म्हणून खाचांचा तळ असलेली पावसाळी चप्पल आणतो. पण तेच मूल सायकल घेऊन डोंगर उतरायला निघाले, तर तिच्या टायरचा तळ कसा आहे, हे मात्र कुणी पाहत नाही. आपण फक्त म्हणतो, "पावसात कशाला जायचं?" आणि मुले जायची ती जातातच!

गेल्या जूनमध्ये साताऱ्याला माझ्या ताईच्या घरी हाच वाद पेटला होता. भाचा सतरा वर्षांचा. यवतेश्वराच्या बाजूच्या डोंगरातून पायवाटेने माउंटन बाइक खाली आणायची, हे त्याचे वेड. आदल्या पावसाळ्यात त्याच्या एका मित्राचे मनगट तिथेच मोडले होते. भाऊजी नोकरीसाठी परगावी, त्यामुळे काळजी सारी ताईच्या वाट्याला. तिने मला फोन केला, "तुझं ऐकतो तो. ये, आणि समजावून सांग."

मी गेले. पण समजावण्याआधी भाच्याला म्हटले, "मला ती वाट तर दाखव."

आम्ही पायीच गेलो. वर जांभ्याची तांबडी माती, मधे शेवाळ धरलेला काळा कातळ आणि खाली शेतांच्या कडेची काळी चिकण माती. एकाच उतारावर तीन तऱ्हा! काळ्या मातीत दहा पावले टाकली, तर बुटाखाली मातीचा दुसरा बूट तयार झाला. भाच्याने सायकल थोडी ढकलून दाखवली. टायरवरचे बुटके, दाट गट्टू क्षणात चिखलाने भरले आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत दिसू लागला. रबर जमिनीला लागतच नव्हते. चिखलावर चिखल घसरत होता.

भाच्याला वाटत होते, जितका टायर रुंद, तितकी पकड जास्त. पुण्यातल्या सायकल-दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या जुन्या कारागिराने त्याला एकच प्रश्न विचारला, "ट्रॅक्टरचं मागचं चाक पाहिलंस का कधी?" शेतातल्या त्या चाकाचे दात उंच असतात आणि एकमेकांपासून बरेच लांब. माती त्यांच्यात अडकून राहत नाही, चाक फिरताच झडून जाते. चिखलाच्या सायकल-टायरचेही तेच. गट्टू उंच हवेत, विरळ हवेत. आणि टायर फार रुंद नको. वाळूवर किंवा बर्फावर रुंद टायर न रुतता चालतो. पण वर पातळ चिखल आणि खाली कठीण जमीन असेल, तर थोडा अरुंद टायर चिखल कापून त्या जमिनीपर्यंत पोहोचतो. शिवाय सायकलच्या चिमट्यात आणि टायरमध्ये जागा उरली नाही, तर तिथे चिखल ठासून चाकच अडते.

मग सर्वांत उंच दातांचाच टायर घ्यावा का? तर नाही. कातळावर ते दात वाकतात आणि चाक डळमळते. ओल्या दगडावर कामाला येते ते मऊ रबर. पण मऊ रबर डांबरी रस्त्यावर लवकर झिजते आणि भाचा त्याच सायकलवर कॉलेजला जातो! म्हणून मधला मार्ग ठरला: मध्यम उंचीचे, विरळ गट्टू आणि मऊ रबर. मॅक्सिस कंपनीचा 'शॉर्टी' हा याच जातीचा. उतारासाठी करतात ते टायर दुपदरी, जाडजूड असतात. एकेकाचे वजन किलोच्या वर जाते आणि किंमत काही हजारांत.

किंमत ऐकून ताई गप्प झाली. मग म्हणाली, "दोन्हींचे पैसे या महिन्यात नाहीत. एकच घ्यायचा, तर कुठला?"

त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न तिने विचारला होता. उत्तर होते, पुढचा. मागचे चाक घसरले, तर स्वार बहुधा सावरतो. पुढचे घसरले, तर सावरायला वेळच मिळत नाही. तीव्र उतारावर वळायचे काम पुढच्या चाकाचे आणि ब्रेकचा मोठा भारही त्याच्यावरच. नवा टायर पुढे बसला. बसवताना कडेवरचा बाण चाकाच्या दिशेने आहे ना, हे कारागिराने दोनदा पाहिले. मागचा जुनाच राहिला. रस्त्यावर भाचा चाळीस पौंड हवा भरायचा. उतारासाठी ती तिसाच्या थोडी खाली आणायची ठरली, म्हणजे टायर दबून जमिनीला धरतो. फार कमी केली, तर मात्र दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

भाच्याने आईची समजूत घालायला एक चित्रफीत दाखवली. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या शांपेरी येथे डाउनहिलची जागतिक स्पर्धा झाली. भयंकर उतार, त्यात पाऊस. डॅनी हार्ट हा १९ वर्षांचा इंग्रज मुलगा तिथे ११ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. एरवी या खेळात निकाल बऱ्याचदा सेकंदाच्या अंशावर लागतो. ताईने ती पाहिली आणि म्हणाली, "तो किती वेळा पडता पडता वाचला, हे नाही दिसलं तुला?"

दोघांचेही खरे होते. पण भाच्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. असे स्पर्धक शर्यतीआधी सारी वाट पायी चालून पाहतात आणि जमीन पाहून टायर निवडतात. कधी तर टायरचे दात कात्रीने कापून बुटके करतात. धाडसाचा बराच भाग सायकलवर बसण्याआधीच पार पडतो.

ताईने मग अटी घातल्या. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांना पॅड. दर खेपेला आधी वाट पायी पाहायची. शेवाळलेल्या कातळावर उतरून चालायचे. मुसळधार पाऊस झाला, तर दुसऱ्या दिवशी जायचे नाही. या शेवटच्या अटीत शेतकऱ्यांचाही विचार होता. भिजलेल्या वाटेवर चाकांच्या चऱ्या पडतात, त्यांतून पाणी धावते आणि वाटच वाहून जाते. ती वाट मुळात गुरांची आणि शेतावर जाणाऱ्या माणसांची आहे.

जुलैत भाचा दोनदा उतरून आला. एकदा कोपर खरचटून आला. कातळावरून उतरून चालल्याचे त्याने आपण होऊन सांगितले, तेव्हा ताईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि चहा टाकला.

तिची भीती गेली का? नाही. आईची भीती टायरने जात नाही. पण ती आता 'नको जाऊस' म्हणत नाही, 'हवा पाहिलीस का?' असे विचारते. भाचाही खरे उत्तर देतो, कारण त्या प्रश्नात मनाई नाही. सायकल जमिनीला टेकते, ती फक्त दोन ठिकाणी आणि प्रत्येक जागा तळहाताहूनही लहान. मुलांना डोंगरापासून थोपवणे आपल्या हाती फारसे नसते. त्या दोन जागांची काळजी त्यांच्याबरोबर बसून घेणे मात्र नक्कीच असते.