अंगणाचे कुंपण

'कुंपणच शेत खाते' अशी मराठीत एक म्हण आहे. ज्याने राखण करायची, त्यानेच नाश करावा, असा तिचा अर्थ. अंगणात कुत्रा पाळणाऱ्याने कुंपण घालताना ही म्हण अवश्य आठवावी.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या भागांत अंगण असलेल्या कित्येक घरांच्या भिंतींवर चोरांच्या भीतीने काचांचे तुकडे बसवलेले असतात. कोठे काटेरी तार ताणलेली असते. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा जिवाच्या आकांताने त्याच भिंतीवर झेप घेतो. ती काच चोर कोण आणि राखणदार कोण, हे पाहत नाही.

म्हणून आधी कुत्र्याचा स्वभाव पाहावा, मग कुंपण निवडावे. उंच उडी घेणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी पाच-सहा फुटांची उंची हवी. माती उकरण्याची खोड असेल, तर जाळी फूटभर जमिनीत पुरावी. पिलाचे डोके अडकणार नाही, इतकी ती बारीक असावी. आडव्या पट्ट्यांची शिडी होते. त्यापेक्षा उभे गज बरे. मेंदीचे हिरवे कुंपण शोभून दिसते, परंतु तिच्या बुंध्यांमधून वाट सापडते. तिला आतून जाळीची जोड द्यावी. फाटकाखालची फटही विसरू नये.

एवढ्या खर्चापेक्षा साखळी स्वस्त, असे काहींना वाटते. परंतु प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, प्राण्याला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. शिवाय केवळ कुंपण घालून कर्तव्य संपत नाही. मे-जून महिन्यांत दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, 'लू' वाहू लागते. अशा वेळी अंगणात दाट सावली आणि थंड पाणी हवे. भर दुपारी तर घराचेच दार त्याच्यासाठी उघडावे.

कुंपणाला बाहेरची बाजूही असते. तेथून शाळेत जाणारी मुले, पोस्टमन, भाजीवाला ये-जा करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले, तेव्हा लोकांच्या मनातील भीती आणि माया या दोन्ही भावना उफाळून आल्या. पाळलेला कुत्रा मोकाट सुटला, तर तो कोणाला चावू शकतो. तो स्वतःही वाहनाखाली सापडू शकतो किंवा रेबीज झालेल्या जनावराच्या तावडीत सापडू शकतो. त्यामुळे कुंपणाइतकेच लसीकरणही आवश्यक आहे.

दिल्लीतील जुन्या किल्ल्याची जागा म्हणजेच पांडवांचे इंद्रप्रस्थ, असे परंपरा सांगते. त्या इंद्रप्रस्थाच्या राजाने, युधिष्ठिराने, सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार दिला. आश्रयाला आलेल्याला अंतर देऊ नये, हाच त्याचा धर्म होता. आजच्या गृहस्थाला तो धर्म पाळण्यासाठी स्वर्गाच्या दारापर्यंत जावे लागत नाही. घरातून निघताना फाटकाची कडी नीट लागली आहे ना, एवढे त्याने रोज पाहावे.