दुसऱ्याने ऐकलेली झोप

घोरणे हा आपल्याकडे आजार मानला जात नाही. तो थट्टेचा विषय आहे. जो घोरतो तो डाराडूर झोपलेला, म्हणजे निश्चिंत आणि खाऊनपिऊन सुखी, अशी आपली समजूत. त्याला कुंभकर्ण म्हटले की आपले काम संपते. परंतु रामायणातला कुंभकर्ण खरोखर झोपत असे. झोपेत ज्याचा श्वास वारंवार अडतो, तो मनुष्य आठ तास अंथरुणावर पडूनही जवळजवळ उपाशीच उठतो, झोपेचा उपाशी.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही नवराबायको. आमच्यापैकी एकाला तो आहे आणि दुसरीने तो ऐकला. आत्मनिवेदनाविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो, परंतु या आजाराचे आत्मनिवेदन संभवतच नाही. ज्याला तो होतो त्याला त्यातले काही ठाऊक नसते आणि ज्याला ठाऊक असते त्याला तो झालेला नसतो. म्हणून येथे ‘आम्ही’ ही लेखनातली ऐट नसून गरज आहे.

वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत कूलरच्या घरघरीत माणसाची घरघर बुडून जाते. थंडीत कूलर बंद झाला म्हणजे रात्रीचा खरा आवाज कळतो. घोरणे चढत जाई आणि एकाएकी थांबे. भीती वाटे ती त्या शांततेची. मनात आकडे मोजले जात: दहा, पंधरा, वीस. मग बुडता माणूस वर यावा तसा एक हुंदका आणि पुन्हा घोरणे. “अहो, श्वास घ्या,” म्हणून हलवावे, तर उत्तर येई, “झोपू दे गं, आत्ताच डोळा लागला होता.” सकाळी डोके जड, दिवसभर चिडचिड, नागपूरला जाताना गाडीने स्थानक सोडण्याआधीच डुलकी आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब. एका दवाखान्यात ‘वयाचा परिणाम’ एवढेच निदान मिळाले. वय होते चव्वेचाळीस.

घडते ते असे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. छाती हवेसाठी धडपडत राहते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबणे किंवा फार मंदावणे, असे तासात पाच वेळांहून अधिक घडले तर तो आजार. तीस वा त्याहून अधिक वेळा घडले तर तीव्र आजार. रात्रभर अंगाला तारा लावून केलेल्या तपासणीत आमचा आकडा अडतीस निघाला. हृदयाचे ठोके चुकणे, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी या आजाराचे नाते आहे. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले होते.

साहित्याने हे वैद्यकाच्या आधी पाहिले होते, याचे आम्हांला व्यवसायबंधूसारखे सुख वाटते. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) सदा पेंगणारा एक लठ्ठ पोरगा आहे. १९५६ साली अमेरिकी डॉक्टरांनी या आजाराच्या एका जवळच्या भावंडाला त्या कादंबरीचेच नाव दिले. वाचक मात्र तोवर शंभरावर वर्षे त्या पोराला हसत आले होते.

उपाय १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडला: नाकावाटे हवेचा सौम्य, सतत दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. यंत्र कित्येक हजारांचे आहे, मुखवटा पहिले काही दिवस जाचतो, आणि वीज गेली की सगळेच थांबते. गच्चीवर झोपायचे तर वायर वर न्यावी लागते. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दारू टाळणे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेच्या गोळ्या न घेणे, हीही पथ्ये आहेत. पण पहिल्याच आठवड्यात एकाला सकाळ हलकी वाटू लागली आणि दुसरीला, कित्येक वर्षांनी, मोजणी न करता झोप लागली. आजार एकाचा असला तरी जागरण दोघांचे होते.

आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत; फुप्फुसाच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अडचण त्याआधीची आहे. रुग्णालयात जाऊन सांगायचे काय, हे शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री ट्रक हाकणारा, दिवसा केबिनमध्ये एकटाच झोपणारा चालक. मुले पुण्याला गेल्यावर घरात एकटी उरलेली आई. बाकावर पेंगणारा पहारेकरी. यांचा श्वास थांबतो तेव्हा मोजायला कोणी नसते. दिवसा डुलक्या घेणाऱ्या अशा माणसाला कुंभकर्ण म्हणण्याआधी एकदा विचारावे: रात्री तुमच्याजवळ कोण असते?