रिकाम्या गाडीचा सरळपणा

रहाटणीत व्हील अलाइनमेंटची दुकाने आहेत. परंतु जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरची मापे त्यांच्या संगणकात असतीलच असे नाही. १९६२ साली इंग्लंडात आलेली ही स्पोर्ट्‌स कार, मद्रासेत जुळवल्या जाणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची सांगाड्याने बहीण. दोघींच्या मागच्या चाकांवर आडवा पाटा. भार बदलला की चाकांचा कल बदलतो. वेगात वळताना भार उचलला गेला, तर बाहेरचे चाक आत मुडपते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही मिस्त्रींना म्हटले, "आसनांवर माणसांच्या वजनाची पोती ठेवा, मग मापा." त्यांनी ठेवली. पुढचा कल सांगाड्याजवळच्या चकत्यांनी साधला, टाय रॉड फिरवून चाकांची तोंडे किंचित आत घेतली. ओझ्यावाचून मोजलेला सरळपणा रस्त्यावर टिकत नाही. उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस हल्ली ती पोती आठवतात.