चार हरणांचे एक डोके

वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीच्या शिवारात सोयाबीन वीतभर वर आले की मी चित्रकलेच्या मुलांना धुऱ्यावर उभे करतो. वही उघडायची नाही, आधी नुसते बघायचे. पायाशी पिकाच्या दोन तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, हातभर अंतर असते. पल्याडच्या धुऱ्याजवळ ते बोटाएवढेही उरत नाही. जमीन जिथे नाल्याकडे उतरते, तिथे सगळे तास एकदम वाकतात. उतार डोळ्यांना कळतो तो या वाकण्यामुळेच. रेषा काय काम करते, ते इथे व्याख्येवाचून समजते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत पोरे रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे घटक धडाधड म्हणून दाखवतात. तोल, लय, प्रमाण, विरोध, एकता ही तत्त्वेही पाठ असतात. पण चित्रापुढे उभे केले की ‘छान आहे’ यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून मी यादी बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: यातली ही एक गोष्ट काढून घेतली, तर चित्रात काय बिघडेल?

या प्रश्नाचा सराव करायला अजिंठ्यासारखी दुसरी जागा नाही, आणि अजिंठा आपल्याला परका नाही. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे हरिषेण राज्य करत होता. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले. तसा शिलालेख त्या लेण्यातच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांच्या कानावर हे कधी पडतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पहिल्या लेण्यातल्या एका खांबाच्या शीर्षावर हरणे कोरलेली आहेत. शरीरे चार, डोके एकच. कोणत्याही हरणाच्या पाठीवरून नजर फिरवत न्या, ती त्या डोक्याशीच पोचते आणि डोके त्याच हरणाचे वाटते. वर्गात मी याचा फोटो देतो आणि तीन शरीरे कागदाने झाकायला सांगतो. उरलेले हरीण पूर्ण दिसते. कागद सरकवून दुसरे उघडले की तेही पूर्ण. मग डोके झाकायचे. आता नुसती चार धडे उरतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. एकता म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ मला कुठे सापडलेले नाही. त्या कारागिराने डोक्याचा कोन असा धरला आहे की चारही माना त्याला लागू पडतात; हे आधी आराखड्यात पक्के केल्याशिवाय छिन्नीने होणारे काम नाही.

त्याच लेण्यात बोधिसत्त्वांची दोन भित्तिचित्रे आहेत: गाभाऱ्याच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. दोघे मिळून भिंतीचा तोल सांभाळतात, पण एकमेकांची नक्कल नाहीत. वज्रपाणीचा मुकुट चांगलाच जड आहे. पद्मपाणीची भुवई बघा. एका लांब, न थबकलेल्या रेषेत ती वळते. छपाईतली ती रेषा अंगठ्याने झाकली की चेहऱ्यावरची करुणा निम्मी जाते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात म्हटले आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, आणि सामान्य लोक रंगाची. ही उतरंड मला पुरती पटत नाही, कारण अजिंठ्याचा रंगही विचार करून लावलेला आहे. तांबडा-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी हे सगळे साधे रंग. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. महागाचा तो रंग चित्रकारांनी जपून वापरला, आणि गेरूच्या शेजारी तो थोडासाच असूनही लांबून उठून दिसतो. विरोध म्हणजे हाच.

छटेसाठी आमच्याकडे झेरॉक्सचे दुकान पुरते. पद्मपाणीची काळी-पांढरी झेरॉक्स काढली तरी खांदा गोलच राहतो, मान पुढे झुकलेलीच दिसते. मुलांनी नुसत्या भडक रंगांवर उभी केलेली चित्रे त्याच यंत्रातून काढली की सपाट करडी होतात, झाड कुठले आणि आभाळ कुठले ते ओळखू येत नाही. ती दोन पाने शेजारी ठेवली की मला वेगळे काही सांगावे लागत नाही. पुढच्या चित्राला मुले आधी पेन्सिलीने गडद-फिकट ठरवूनच हात घालतात.

दिवाळीच्या सुटीत अजिंठ्याला निघणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पहिल्या लेण्यात शिरल्याबरोबर फोन काढू नका. उजेड मंद आहे, डोळे सरावायला जरा वेळ द्या. लोक थेट पद्मपाणीकडे जातात, तुम्ही जाता-येता खांबांची शीर्षेही बघा. हरणे तिथे आहेत, आणि आकाराने लहान असल्यामुळे सहज नजरेतून सुटतात. सोबत मूल असेल तर त्याला आधी काही सांगू नका, डोकी मोजायला लावा.