अम्मींना कुणी विचारले?

शाळांना दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही चौघी मैत्रिणी दोन दिवस एकत्र राहतो. बी.एड.पासूनची ही सवय. दिवसभर गप्पा, संध्याकाळी खिम्याचे समोसे आणि इशानंतर एखादा जुना सिनेमा. काही नातेवाइकांना हे पटत नाही. सिनेमा म्हणजे वेळेची नासाडी, असे ते म्हणतात. बऱ्याच सिनेमांबद्दल माझेही तेच मत आहे.

मागच्या सुट्टीत ‘मेरे महबूब’ पाहिला होता. लखनौची नजाकत, गोड उर्दू, सगळे छान. पण आमच्यातली एक म्हणाली, “असली झुंबरं आपल्यापैकी कुणाच्या घरात होती गं?” खरेच आहे. त्या नवाबी सिनेमांत शिक्षकाचे, विणकराचे घर दिसतच नाही. म्हणून यंदा ‘गर्म हवा’ लावला.

एम. एस. सथ्यू यांचा हा १९७३ सालचा चित्रपट इस्मत चुगताई यांच्या कथेवर आहे. फाळणीनंतर आग्र्यातच राहू पाहणारे जोड्यांचे कारखानदार सलीम मिर्झा म्हणजे बलराज साहनी. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते गेले. हवेली थोरल्या भावाच्या नावावर असते, तो पाकिस्तानात निघून जातो आणि सलीम मिर्झांना घर सोडावे लागते. म्हातारी आई मात्र निघायलाच तयार नसते. ती लाकडाच्या कोठीत लपून बसते. शेवटी मुलगा तिला उचलून बाहेर आणतो.

यंदा आम्ही मिरजेला मैत्रिणीच्या माहेरी जमलो होतो. तिच्या अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सिनेमा बघत नाही म्हणत तसबीह घेऊन खाटेवर बसल्या होत्या. त्या घराचा सौदा ठरलेला होता. पुण्यातल्या भावाने बिल्डरकडून विसारही घेतला होता आणि अम्मी डिसेंबरात त्याच्या फ्लॅटवर जाणार होत्या. आम्हाला हे ठाऊक होते, पण सिनेमा निवडताना कुणाच्या डोक्यात आले नाही.

कोठीचा प्रसंग आला आणि तसबीहचा आवाज थांबला. मैत्रिणीने रिमोट उचलला. “रहने दे गे, बंद नक्को कर,” अम्मी म्हणाल्या.

पुढे त्या म्हातारीला शेवटच्या घटका मोजताना पालखीतून पुन्हा हवेलीत आणतात, तिथेच ती डोळे मिटते. बदर बेगम यांचा तो चेहरा अजून माझ्यासमोर आहे. सिनेमा संपल्यावर अम्मींनी कुणाकडेच न बघता विचारले, “मेरे कू कोन पुछ्या?”

चौघींपैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. मग त्याच बोलू लागल्या. सोळाव्या वर्षी त्या या घरात आल्या. अंगणातला हौद त्यांच्यासमोर बांधला. अब्बांचा जनाजा याच दारातून निघाला. भाऊ वाईट नाही. मिरजेत आईला एकटे कसे ठेवायचे, ही त्याची काळजीही खोटी नाही. पण एवढ्या वर्षांत त्याने आईशी फक्त औषधांबद्दल बोलणे केले होते.

सकाळी फजरनंतर मैत्रिणीने त्याला फोन लावला. पुढच्या रविवारी तो आला, दोन दिवस राहिला. विसार परत करायचा की नाही, ते अजून ठरलेले नाही. अम्मींनी त्याला एक अट घातली आहे : कागदावर अंगठा नाही, सही करीन, आणि आधी कुणीतरी तो मला उर्दूत वाचून दाखवा. ते काम माझ्याकडे आले आहे.