धोंड्याचा महिना, ईदचा चांद

आमच्या चकलांब्याच्या घराचं माळवद आणि शेजारच्या चाचींचं माळवद, मध्ये गुडघाभर उंचीची एक मातीची भिंत. दर पावसाळ्याआधी ती लिंपायची, आणि लिंपताना निम्मी माती आमची, निम्मी त्यांची. त्या भिंतीवर बसून मी दोन बायकांना चंद्राची वाट बघताना पाहिलं आहे.

आजी बसायची पूर्वेकडं तोंड करून. संकष्टीचा दिवसभराचा उपास, आणि चंद्र उगवायला कधी नऊ, कधी साडेनऊ. चाची उभ्या राहायच्या पश्चिमेकडं तोंड करून, रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी, मगरिबची अजान होऊन गेल्यावर, कपाळावर आडवा हात धरून. आजीचा चंद्र उशिरा यायचा, पण यायचाच. चाचींचा आला तर घटकाभर, कापलेल्या नखाएवढा, आणि नाही आला तर आणखी एक रोजा. त्यांची नजर लवकर अधू झाली. मग त्या भिंतीपाशी यायच्या.

“आजी, दिसतो का वं?”

आजी पदराच्या टोकानं डोळे पुसायची, गुडघ्यावर हात टेकून उठायची. “त्या लिंबाच्या शेंड्याच्या डाव्या अंगाला बघ. काडीवानी काहीतरी हाय.”

गावाची ईद रेडिओवरून कळायची, मौलवीसाहेबांच्या निरोपावरून ठरायची. चाचींची ईद मात्र आजीनं बोट दाखवलं की सुरू व्हायची.

गेवराई तालुक्याच्या पश्चिम टोकाला आमचं गाव. मावळतीला निघालं की शेवगाव-पाथर्डीचा मुलूख लागतो, उत्तरेला गोदावरी, आणि गोदेच्या पलीकडं पैठण. मोठ्या शहरांतल्या सणांवर लोक लिहितात, कोणत्या गल्लीत कुणाची मिरवणूक, कोणत्या चौकात कुणाची रोषणाई. आमच्याकडं चौक एकच. म्हणून सगळे सण एकाच चौकातून जायचे, आणि एकमेकांना वाट देत जायचे.

ते कसे जायचे, याचा हिशेब मला फार उशिरा कळला. आजी गेल्यानंतर घर आवरताना खिळ्याला एकावर एक अडकवलेली जुनी कालनिर्णयं निघाली. मागच्या कोऱ्या जागांवर दुधाचे, दळणाचे आकडे. पुढं संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेला पेन्सिलीचं गोल. १९७३ साली निघालेलं हे कॅलेंडर आमच्याकडं प्रत्येक घरात, चाचींच्या घरातही, कारण ईद, मोहरम, शब-ए-बरात त्यातही छापलेली असते. ती पानं मी जमिनीवर पसरली आणि दुपारभर उठलेच नाही.

चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस मागं राहतात. आपल्या पंचांगानं यावर तोड काढली: हे दिवस साठत साठत महिनाभराचे झाले, म्हणजे साधारण साडेबत्तीस महिने गेले, की एक महिना जास्तीचा घालायचा. अधिक महिना. आमच्या बोलीत धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्यामुळं दिवाळी थंडीच्या तोंडाशी राहते आणि पोळा पावसातच येतो. इस्लामी पंचांगात असा महिना घालायला मनाई आहे. तिथला चंद्र ऋतूंना बांधलेला नाही, तो मोकळा चालतो, आणि म्हणून चाचींच्या रोज्यांनी मे महिन्याची काहिलीही पाहिली आणि पौषातला गारठाही.

पण दोघांचा चंद्र एकच ना. महिना दोघांचाही कोरीबरोबरच उजाडतो. म्हणून यांचा एक महिना आणि त्यांचा एक महिना दोन-तीन वर्षं शेजारी-शेजारी चालतात, सण जोडीनं येतात. मग मध्ये धोंड्याचा महिना पडतो आणि जोड एका घरानं सरकते. बारा धोंड्याचे महिने झाले, म्हणजे साडेबत्तीस वर्षं गेली, की पहिली जोड परत येते. अनारशांच्या ताटातला तेहतिसाचा आकडा मला त्या दुपारी दुसऱ्यांदा भेटला, आणि अंगावर काटा आला.

मग आठवणी ओळीत बसायला लागल्या. १९८५ ते १९८७, मी प्राथमिक शाळेत होते, तेव्हा मोहरम आणि गणपती एका पंधरवड्यात आले. भाद्रपदातल्या चौथीच्या चंद्राकडं बघायचं नाही म्हणून आजी आम्हाला संध्याकाळी माळवदावर चढू द्यायची नाही. आणि पलीकडं तीच मोहरमची चौथी तारीख, सवाऱ्या बसलेल्या, पंजांना फुलांचे हार चढलेले, अलाव्याची खोदाई झालेली. एका बाजूला आरतीच्या झांजा, दुसऱ्या बाजूला ताशा. मोहरमची दहावी हा शोकाचा दिवस, करबल्यात इमाम हुसेन यांनी प्राण दिले तो. हे मला पुष्कळ नंतर समजलं. आमच्या भागात सवारीपुढं नवस बोलणाऱ्यांत हिंदू बायका पुष्कळ असायच्या, आणि त्या सवारीच्या पायावर पाणी घालायच्या ते वारीहून आलेल्या माणसाच्या पायावर घालतात तसंच. मलिद्याचा वास माझ्या डोक्यात अजून उकडीच्या मोदकांच्या वासाजवळ ठेवलेला आहे.

तीच जोड २०१८ ते २०२० या वर्षांत परत आली. त्याच्या आधीची तीन वर्षं मोहरमनं दसऱ्याचा हात धरला होता: २०१६ साली दसरा ११ ऑक्टोबरला, आशूरा १२ ला. दोन्ही दहावीच्याच तिथी. एकीकडं सोनं लुटायचं, दुसरीकडं डोले थंड करायला न्यायचे.

त्यानंतर आषाढी आणि बकरी ईदची पाळी. जिल्हिजची दहावी आणि आषाढाची अकरावी, चंद्राच्या हिशेबानं एकच उंबरठा. २०२१ मध्ये एकादशी २० जुलैला होती आणि ईद २१ ला. २०२२ मध्ये दोन्ही १० जुलैला, २०२३ मध्ये दोन्ही २९ जूनला. आमच्याकडं आषाढ म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या दिंड्या. मुक्ताबाईंची पालखी शहागडला गोदा ओलांडून गेवराईवरून बीडकडं जाते. ते शहागडही कसं! ‘सिद्धांतबोध’ लिहिणारे शहामुनी तिथंच विसावले आहेत, मुसलमान घरात जन्मलेले आणि मराठी ओवीत रमलेले. आषाढी आणि ईद एकाच दिवशी आल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करायची. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, ती मुभा त्यांनी शेजाऱ्यासाठी वापरली. माझ्या लेखी हा फार मोठा निर्णय आहे. सकाळी ईदगाहवर नमाज आणि संध्याकाळी देवळात हरिपाठ, दोन्हीकडं त्या दिवशी माणसं शांतपणे उभी होती.

पण सगळ्या जोड्यांत मला जवळची आहे ती भाऊबीजेची. आजीला भाऊ नव्हता. पाठीवर आलेले दोघे पटकीत गेले, एवढंच ती एकदा बोलली होती. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं, अशी आपली रीत. म्हणून कार्तिकातल्या बीजेला संध्याकाळी ती ताम्हन घेऊन माळवदावर यायची, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता. बीजेची कोर दिसली की ओवाळायची, आणि ओवाळून झाल्यावर पदर पसरून काही क्षण तशीच उभी राहायची. २००६ साली भाऊबीज २४ ऑक्टोबरला आली आणि ईद २५ ला. म्हणजे भाऊबीजेची संध्याकाळ हीच चांदरात. त्या वर्षी दोघीही पश्चिमेकडंच तोंड करून उभ्या होत्या. कोर दिसली. चाचींनी दोन्ही तळहात उघडून दुवा मागितली, आजीनं निरांजन वर उचललं. मी मध्ये भिंतीवर बसलेले. आजीनं ओवाळणं संपवलं, आणि तिच्या एकदम काय मनात आलं कोण जाणे, तेच ताम्हन भिंतीवरून पलीकडं चाचींच्या थोरल्या मुलाकडं केलं. तो तेव्हा पस्तिशीचा होता, दाढी राखलेला. त्यानं रुमाल डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली. ओवाळणी म्हणून त्यानं खिशातली पन्नासची नोट काढली. ती आजीच्या पोथीत तिच्या मरणानंतरही तशीच सापडली.

तीच वर्षं मलेशियातही अशीच गेली असणार. तिथं दिवाळी आणि ईद लागून आली की तमिळ आणि मलय शेजारी मिळून त्याला ‘दीपाराया’ म्हणतात, आणि चिनी नववर्ष ईदला भिडलं की ‘काँगसी राया’. क्वालालंपूरच्या लोकांनी त्या योगाला नाव दिलं, आम्ही दिलं नाही. आमच्याकडं नुसतं ताट जायचं यायचं.

त्या ताटाबद्दलही खरं सांगायला हवं. आजी माळकरी. चाचींच्या चुलीवरचं ती खात नसे. म्हणून ईदेला आमच्या घरी शिजवलेला शीरखुर्मा यायचा नाही, कोरडा शिधा यायचा: शेवया, साखर, खोबऱ्याची वाटी, खारका, मूठभर चारोळी. तो आणायचं काम माझं. लहानपणी मला त्यात नुसता मान दिसायचा, आपल्या रीतीची कुणीतरी इतकी काळजी घेतं याचा. आता त्यात अंतरही दिसतं, आणि ते आमच्या बाजूनं होतं हेही दिसतं. दोन्ही एकाच ताटात होतं. हे अंतर आमच्या घरापुरतंच नव्हतं. आजोबांच्या जुन्या कागदांत निजामाच्या राज्यातले फसली सन आहेत, आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची फारसी नावं आहेत. त्या राज्यात आमचा शेतसारा त्याच कालगणनेत चालायचा. त्या काळाची दुखणीही गावात होती, दोन्हीकडं होती, आणि त्याबद्दल मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची. तरी सकाळी भिंत लिंपायला दोन्हीकडची माणसं यायची.

सध्याची जोड पाडवा आणि ईदची. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ ला. २०२५ साली पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला. बीड जिल्ह्याला ही जोड विशेष आवडावी, कारण पाडव्याच्या सुमाराला आमची माणसं घरी येतात. दसरा-दिवाळीच्या आसपास उचल घेऊन, कोयते बांधून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या कारखान्याचा पट्टा पडला की परततात. त्यांची दिवाळी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत होते. गावात खरा सण असतो तो पाडव्यालाच. ट्रॅक्टरवरून भांडी, पेट्या, कोंबड्या आणि झोपलेली पोरं उतरतात. त्यांत रमजानचे रोजे फडात धरून आलेलीही असतात.

या जोडीत रमजान फाल्गुनावर येतो. म्हणजे पैठणची नाथषष्ठी रोज्यांच्या दिवसांत. एकनाथांनी १५९९ साली याच षष्ठीला गोदेत देह ठेवला. त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, अशी परंपरा. श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्याच चांद बोधल्यांचे शिष्य. इकडं मावळतीला मढीची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चाललेली. तिथल्या देवाला कुणी कानोबा म्हणत आलं, कुणी शाह रमजान. अलीकडं मढीच्या बाजारात कुणी दुकान मांडावं यावरून ठराव झाले, भांडणं झाली. ते ऐकून मला माझ्या लहानपणच्या रेवड्यांची पुडी आठवते, आणि ती कुणाच्या दुकानातली होती हे आठवत नाही, कारण तेव्हा ते कुणी विचारत नव्हतं.

आणि ३० मार्च २०२५ ची ती पहाट. आमच्याच गेवराई तालुक्यात, अर्धमसला गावी, मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. जीव कुणाचा गेला नाही. दोन जणांना अटक झाली. मी पाडव्यासाठी गावी आले होते, सकाळी गुढीला साडी चुणून बांधत होते, तेव्हा बातमी आली. हातातली कडुलिंबाची डहाळी कुठं ठेवावी कळेना. चाचींच्या घरातून त्या दिवशी आवाज आला नाही. दुपारी मी पुरणपोळीचं ताट घेऊन गेले, तर त्यांनी नेहमीसारखं ते घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, “बस जरा.” मी बसले. आम्ही बोललो काहीच नाही.

२०२६ मध्ये जेठ दोनदा येतो. त्या धोंड्याच्या महिन्यानंतर ही जोड सुटेल. २०२७ ला ईद मार्चमध्येच उरकेल आणि पाडवा एप्रिलात एकटा येईल. पुन्हा या दोघांची गाठ पडेल तेव्हा मी ऐंशीच्या घरात असेन.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी सूर्य टेकला, मी गुढी उतरवली, साखरेच्या गाठ्या सोडवून ताटात ठेवल्या आणि वर गेले. माळवद आता राहिलेलं नाही, दोन्हीकडं स्लॅब पडलेत, पण मधली भिंत विटांची, तेवढीच गुडघाभर. चाची नातवाचा दंड धरून जिना चढून आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी त्यांना आता लांबचं दिसत नाही. गाठ्या मी नातवाच्या हातात दिल्या.

“दिसतो का ग?”

लिंब केव्हाच तुटला. मी खुणेसाठी दुसरं काही शोधलं.

“टॉवरच्या डाव्या अंगाला बघा, चाची. अजून थोडं खाली.”